पाण्याखालचा जाळ

लग्न होऊन मी मावळात आले, तेव्हा धरण भरून एक वर्ष झालं होतं. माझे यजमान तिथे ओव्हरसियर होते. भिंतीच्या वरच्या अंगाला टेकाडावर सरकारी घरांची एक ओळ होती. त्या ओळीतलं शेवटचं घर आमचं. मागचं दार उघडलं की समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे तिकोणा. सकाळी किल्ला निळा असायचा, दुपारी राखाडी, आणि संध्याकाळी तो दिसेनासा होण्याआधी थोडा वेळ अगदी जवळ सरकल्यासारखा वाटायचा.

मला काही काम नव्हतं. दोन माणसांचा स्वयंपाक तो केवढा. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. पुस्तकं ट्रंकेत होती, ट्रंक पलंगाखाली होती, आणि मी मागच्या पायरीवर होते. पाण्याकडे फार वेळ बघत राहिलं की डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो, हे मला तिथे कळलं. हाक मारली तरी उत्तर द्यायला वेळ लागायचा. यजमान म्हणायचे, "कुठे होतीस?" आणि मी म्हणायचे, "इथेच."

एकदा त्यांनी मला खात्याच्या होडीतून नेलं. वारा पडला होता. काठापासून बरंच आत गेल्यावर त्यांनी वल्ही उचलून धरली आणि म्हणाले, "खाली बघ." मी वाकून पाहिलं. हिरव्या अंधारात झाडांचे शेंडे उभे होते. पान एकही नाही, नुसत्या फांद्या, त्यांवर शेवाळाची लव. त्यांच्यामधून मासे पाखरांसारखे जात होते. आमची होडी एका गावावरून चालली होती. मी नकळत पाय वर घेतले.

"घाबरलीस?"

"नाही. कुणाच्या तरी घरावरून चालल्यासारखं वाटलं."

"घरावरूनच चाललोय," ते म्हणाले आणि वल्ही मारू लागले.

आमच्याकडे दूध घालायला एक मावशी यायच्या. पन्नाशीच्या असतील. उंच, सुकलेल्या, चालताना एका बाजूला जरा झुकणाऱ्या. त्यांचं गाव पाण्यात गेलं होतं. गावातली बरीच घरं दूर पूर्वेला, मिळालेल्या जमिनींवर गेली होती. मावशी आणि त्यांचे मालक मात्र गेले नाहीत. डोंगराच्या अंगाला वर सरकले, चार पत्रे उभे केले आणि म्हशी घेऊन तिथेच राहिले. त्यांच्या मालकांना सगळे आबा म्हणत. आबांना मी तोवर पाहिलं नव्हतं. पाणी आल्यापासून ते काठावर उतरलेच नाहीत, असं मावशी सांगायच्या. म्हशी पाण्यावर न्यायची वेळ झाली की ते मावशींना पाठवायचे.

शिमगा होऊन गेला होता. उन्हं तापायला लागली होती आणि धरणातलं पाणी रोज थोडं थोडं उतरत होतं. एके सकाळी मावशींनी दूध मापून दिलं, पण किटलीचं झाकण लावून त्या निघाल्या नाहीत. पायरीवर टेकल्या.

"बाई, तुमी शिकल्याल्या. एक इचारू?"

"विचारा की."

"पानी उसासा टाकतं का?"

मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आमचं घर व्हतं त्या जागंवर," त्या म्हणाल्या, "दोन दिस झाले बघती. पानी गप असतं आन् मधीच खालनं बुडबुडं येत्यात. येक येतो, थांबतो. मंग चार येत्यात. झोपल्यालं मानूस कसं करतं, तसं. मालकास्नी सांगितलं तर म्हनले, तुझं डोस्कं फिरलंय."

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर गेले.

काठाची ती जागा आमच्या घरापासून लांब नव्हती. उताराच्या कडेला वाळलेल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. त्यापुढे उथळ पाणी, आणि थोडं आत एक काळी फांदी पाण्याबाहेर आली होती. "त्यो आमचा आंबा," मावशी म्हणाल्या. "त्येच्या मागं घर."

आम्ही दोघी उकिडव्या बसलो. आधी काहीच नव्हतं. पाण्यावर आभाळ होतं आणि आभाळात एक घार होती. मग आंब्याच्या पलीकडे एक बुडबुडा वर आला, क्षणभर टिकला आणि फुटला. त्याच्यामागून दोन. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम मूठभर, उकळी फुटल्यासारखे. आवाज अगदी हलका, ओठ उघडावेत तेवढा. आम्ही कितीतरी वेळ तशाच बसून राहिलो. दुधाची किटली उन्हात तापली. मावशींच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाळण्यातलं मूल नीट झोपलंय ना, हे बघणाऱ्या बाईसारख्या त्या बघत होत्या.

दुपारी जेवताना मी यजमानांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "पाला, गवत, सगळं खाली कुजतंय. हवा लागत नाही ना, मग असा वायू होतो. इतके दिवस वरच्या पाण्याच्या भाराने दबून राहिला असेल. आता पाणी उतरतंय, भार कमी झाला, म्हणून निसटतोय."

"दलदलीचा वायू," मी म्हणाले. कॉलेजात शिकवला होता. बाई फळ्यावर एक कार्बन आणि त्याच्याभोवती चार हायड्रोजन काढायच्या. रंग नाही, वास नाही, जळतो. मी ते पाठ करून मार्क मिळवले होते. तो असा एखाद्याच्या घरातून बाहेर येत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

मी ट्रंक बाहेर ओढली आणि पुस्तक काढलं. वायू पाण्याखाली कसा धरायचा, त्याची आकृती होतीच. दुसऱ्या दिवशी सरबताची रिकामी बाटली आणि नरसाळं घेऊन मी काठावर गेले. मावशी आधीच येऊन बसल्या होत्या. साड्या खोचून आम्ही गुडघाभर पाण्यात शिरलो. चिखल कोमट होता आणि पाय आत आत जात होता. बाटली पाण्याने भरून पालथी धरली, तोंडाला नरसाळं लावलं. मावशींनी बांबूने तळ ढवळला. बुडबुडे गर्दी करून आले, नरसाळ्यात शिरले आणि बाटलीतलं पाणी खाली उतरू लागलं. रिकामी होणारी बाटली आम्ही भरत होतो. मावशींना ते फार गमतीचं वाटलं.

बाटलीचं तोंड पाण्यातच अंगठ्याने दाबून मी ती बाहेर काढली. आंब्याच्या सावलीत जावं असं मनात आलं आणि मग आठवलं, आंबा पाण्यात आहे. आम्ही एका खडकाआड बसलो. मावशींनी काडी ओढली. मी अंगठा काढला.

भक्कन आवाज झाला नाही. बाटलीच्या तोंडाशी एक निळसर काहीतरी बसलं. दिसतंय की नाही, असं वाटण्याइतकं पुसट. मग ते हळूच बाटलीच्या आत उतरत गेलं, काचेच्या अंगाने, तळापर्यंत, आणि विझलं. बाटली आतून दमट झाली होती.

मावशींनी बाटली माझ्या हातातून घेतली, गालाला लावून पाहिली. "ऊन हाय," म्हणाल्या.

घरी निघताना त्यांनी मनातलं काढलं. "बाई, त्या जाळावर च्या व्हईल का? घोटभर? माज्या घरच्या जाळावर लय दिस झालं च्या पेले न्हाई."

आता बाटलीभर वायूवर चहा होणार नाही, हे उघड होतं. मी तो प्रश्न यजमानांपुढे ठेवला. आधी ते हसले. मग म्हणाले, "धोका आहे. हवा मिसळली तर स्फोट होईल." आणि जेवून हात धुता धुता म्हणाले, "रॉकेलचा डबा घेतला तर?"

त्यांनी कामशेतच्या बाजारातल्या पत्र्याच्या कारागिराकडून रिकाम्या डब्याचा तळ कापून घेतला आणि वरच्या बाजूला मोडक्या स्टोव्हची पितळी नळी पक्की बसवून घेतली. नळीला हातभर रबरी नळी, तिच्या टोकाला पितळी तोंड आणि त्याला बूच. डबा आधी पाण्यात पूर्ण बुडवायचा, नळीतून सगळी हवा जाऊ द्यायची, मग बूच लावून डबा तसाच उपडा धरून ठेवायचा. वायू भरला की डबा न उचलता, पाण्यातूनच ओढत काठाला आणायचा. तिथे बूच काढून डबा खाली दाबला की वायू नळीतून बाहेर. त्यांनी हे सगळं मला बादलीत पेला पालथा घालून दाखवलं. इतके खुशीत मी त्यांना लग्नानंतर प्रथमच पाहत होते.

"पण मावशींच्या मालकांना विचारायला हवं," ते मधेच म्हणाले.

"का? पाणी तर सरकारचं."

"खालची जागा त्यांची होती."

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. धरणाचं काम चालू असताना पाण्यात जाणाऱ्या घरांच्या दारांवर चुन्याने आकडे घालायचं काम त्यांच्याकडे होतं. आबांच्या दारावरचा आकडा त्यांनीच घातला होता. नंतर काही झाडं तोडायला माणसं आली. आबा आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून बसले. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. नुसते बसून राहिले. कुऱ्हाडीवाले यजमानांकडे बघायला लागले. यजमान म्हणाले, "हे राहू द्या. पुढचं घ्या." त्या दिवसापासून आबा त्यांच्याशी एक शब्द बोललेले नव्हते.

मावशींनी घरी विचारलं. उत्तर आलं नाही. "न्हाई म्हनले न्हाईत," मावशी म्हणाल्या. "मालक न्हाई म्हनले न्हाईत, मंजे त्येंच्या मनात काय तरी चाललंय."

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं होडीतून निघालो. काठ जवळच होता, पण डबा पूर्ण बुडवून धरायला खोल पाण्यात जायला हवं होतं. दुपार कलली होती. पाणी इतकं गप्प होतं की वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांची वर्तुळं एकमेकांत मिसळताना दिसत होती. आंब्याच्या फांदीला दोर बांधला. मावशींनी फांदीवरून हात फिरवला आणि हाताला आलेलं शेवाळ पाण्यात धुतलं.

बांबू खाली घातला, ढवळलं. थोडे बुडबुडे आले आणि थांबले. पुन्हा ढवळलं. डब्याच्या वरच्या बाजूला जेमतेम दोन बोटं वायू जमला. यजमानांचे खांदे दुखायला लागले. मला वाटलं, काही होणार नाही.

"तितं काय हाय? तितं न्हाई!"

आम्ही वळून पाहिलं. काठावर एक म्हातारा उभा होता. डोक्याला पागोटं, हातात काठी, मागे म्हशी. मावशींनी पदर सावरला. "मालक," त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या.

"ते चुलीचं खोपट झालं," आबा काठावरून ओरडत होते. "तितं नुसता खडक. उगवतीकडं घ्या. आंब्याच्या उगवतीला. अजून. आता थांबा. तितं घाला बांबू!"

बांबू घातला आणि पाणी उकळायला लागलं. खरंच उकळायला लागलं. पांढरे बुडबुडे होडीच्या दोन्ही अंगांनी वर आले, होडी थरथरली, आणि डबा यजमानांच्या हातात आपोआप वर चढू लागला. "धर! धर!" ते मला म्हणाले. मी हसत होते. मावशीही हसत होत्या.

"काय होतं हो इथे?" मी ओरडून विचारलं.

आबांनी काठी चिखलात रोवली आणि म्हणाले, "उकिरडा."

मावशींनी तोंडावर पदर घेतला. घरचा जाळ, पाण्याचा उसासा, असं त्या इतके दिवस म्हणत होत्या, आणि निघाला होता शेणाचा खड्डा. पावसाआधी शेतात टाकायचं खत त्या वर्षी तसंच राहिलं होतं, कारण शेतच राहणार नव्हतं. होडीत बसून त्या हसता हसता रडल्या, आणि मग नुसत्याच हसल्या. "बाई, उकिरड्यावर च्या करायचा!"

"गवरीवर करतीस न्हवं जल्मभर?" काठावरून आबा म्हणाले. "मंग?"

डबा होडीला बांधून आम्ही हळूहळू काठाला आलो. आबा पाण्यात उतरले. पायाला पाणी लागलं तेव्हा ते जरा थांबले, एवढंच. मग यजमानांच्या समोरच्या बाजूने त्यांनी डबा धरला. चिखलात दोन दगड मांडून, त्यांवर मावशींचं छोटं पातेलं ठेवलं. नळीचं तोंड पातेल्याखाली आलं. बूच निघालं, काडी लागली, आणि यजमान व आबा दोघे मिळून डबा हळूहळू खाली दाबू लागले.

उन्हात तो जाळ दिसतच नव्हता. मावशींनी पदराचा आडोसा केला, तेव्हा दिसला. निळा, बारीक, काजळी नाही, धूर नाही. त्यांनी आयुष्यभर धुराने डोळे चोळत चूल फुंकली होती. या जाळाकडे त्या अविश्वासाने बघत राहिल्या. पाण्याच्या कडेला चिखलात वाकून आम्ही चार माणसं एका न दिसणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवून होतो. डब्याच्या कडेने पाणी चढत होतं तेवढीच हालचाल. मला आजही तो वेळ आठवतो तो आवाजाशिवाय आठवतो.

डबा संपता संपता पातेल्याला उकळी आली. चहा थोडा होता. मावशींनी तो दोन कप आणि दोन बशांत वाटला. पहिला कप त्यांनी आबांना दिला. आबांनी तो यजमानांपुढे धरला.

"घ्या सायब."

"तुम्ही घ्या आधी."

"घ्या म्हनतो ना."

यजमानांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी आंबा ठेवला. बरं केलं की वाईट, मला अजून कळलेलं नाही."

आबांनी बशी तोंडाला लावली. पाण्याकडे बघत होते. "तोडला असता तर लाकूड आलं असतं हाताला," ते म्हणाले. "ऱ्हायला तर हितं उभा हाय. रोज वरनं दिसतो. कंचं बरं, मला बी ठावं न्हाई."

"माझ्यावर राग आहे?"

"हाय की," आबा म्हणाले. "राग जात न्हाई, सायब. च्या घ्या, निवंल."

यजमान चहा प्यायले. चहाला मातीचा, जुन्या पाण्याचा किंचित वास होता. रिकामा कप त्यांनी दगडावर ठेवला. आबांनी उठताना काठी न घेता यजमानांच्या खांद्याचा आधार घेतला.

म्हशी वळवून आबा गेले. आम्ही भांडी धूत होतो. आंब्याच्या उगवतीला पाणी अजून बुडबुडत होतं.

"बाई," मावशी म्हणाल्या, "आपुन येक डबा जाळला. ह्ये बाकीचं कुटं जातं?"

"वर. हवेत."

"आन् तितं काय करतं?"

"मिसळून जातं," मी म्हणाले. पुस्तकात तेवढंच होतं.

दोन वर्षांनी यजमानांची लोणावळ्याला बदली झाली. मला तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. आता मी फळ्यावर एक कार्बन आणि चार हायड्रोजन काढत होते, पण मुलांना बुडबुड्यांची गोष्ट सांगत होते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ढग वर्गात यायचे. खिडकी लावायला कुणी उठायचं नाही, आणि मागच्या बाकावरची मुलं हळूहळू पुसट होत जायची.

अशाच एका दिवसात गावातल्या वाचनालयात हवामानाचे एक अभ्यासक बोलायला आले. ओल्या छत्र्या दाराशी गळत होत्या. ऐकायला माणसं थोडी होती, आणि सभागृहातही धुकं आलं होतं, त्यामुळे वक्ते दूर कुठेतरी उभे असल्यासारखे वाटत होते. आवाज मात्र जवळ होता. ते सांगत होते की ऊन हवेतून खाली येतं, जमीन तापते, आणि मग जमीन ती ऊब आभाळाकडे परत पाठवते. सगळीच ऊब गेली तर पृथ्वी बर्फासारखी गार पडेल. पण हवेत काही वायू असतात, फार थोडे, जे उन्हाला खाली येऊ देतात आणि परत निघालेल्या उबेला मात्र अडवतात. त्यांच्यामुळे आपण जगतो. पाण्याची वाफ त्यातलीच, आणि कोळसा किंवा तेल जाळलं की निघणारा कार्बनचा वायूही त्यातलाच. माणूस आता इतकं जाळतो आहे की तो वायू हवेत साचत चालला आहे. तो साचत गेला तर ऊब वाढेल, आणि पाऊस, वारा, समुद्र, कशाचीच घडी आज आहे तशी राहणार नाही. पाचोळा पाण्याखाली कुजून जो वायू निघतो, ते शेवटी म्हणाले, त्याचाही आता अभ्यास सुरू झाला आहे. तो प्रमाणाने कमी, पण ऊब धरण्यात कार्बनच्या वायूहून कितीतरी जोरकस आहे, असं दिसतं आहे.

मी छत्री न उघडताच घरी आले. यजमान म्हणाले, "भिजलीस की." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. भातखाचरातूनही निघत असेल का? निघत असेल, मी म्हणाले, चिखल तोच. आणि आपण तो डबा जाळला, ते वाईट केलं का? नाही, जाळल्यावर तो साधा कार्बनचा वायू होतो, जोर कमी होतो. न जळता गेला तो जास्त.

"म्हणजे जो गेला," ते म्हणाले, आणि टॉवेल आणून माझ्या हातात दिला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एस.टी.ने मावशींना भेटायला गेलो. त्यांच्या पत्र्यांच्या जागी आता कौलं आली होती. आबांना कमी ऐकू येत होतं. ते ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी मावशींना म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं ना, बाकीचं कुठे जातं? तेव्हा मला माहीत नव्हतं. आता थोडं कळलंय." आणि वाचनालयात ऐकलं ते मला जमलं तसं सांगितलं.

त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. "मंजे थंडीत वासराच्या पाठीवर गोनपाट टाकतो, तसं?"

"तसंच. एक गोणपाट असलं तर वासरू जगतं. पण आपण एकावर एक टाकतच राहिलो तर?"

"घामाघूम व्हईल. वरडंल." त्या विचारात पडल्या. "आन् आमच्या उकिरड्याचं बी त्यात येक?"

"त्यातला एखादा धागा."

आबांना ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी विचारलं. मावशींनी त्यांच्या कानाशी जाऊन, हातवारे करून सगळं सांगितलं. आबांनी वर आभाळाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग यजमानांना म्हणाले, "सायब, ठावं असतं तर ते खत गाडीत भरून वर आनलं असतं. हितल्या खडकात पिकलं तरी असतं."

परतीच्या एस.टी.त यजमान खिडकीशी बसले होते. बाहेर पाण्याची कड बराच वेळ आमच्याबरोबर येत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना दुसऱ्या एका खोऱ्यातल्या छोट्या तलावाचं काम मिळालं. तिथेही दारांवर आकडे घालायचे होते, ते त्यांना टाळता आलं नाही. पण आकडा घालून झाला की ते त्या घराच्या मागे जायचे आणि उकिरडा दाखवून सांगायचे, पाणी यायच्या आधी हे उचला, नव्या जमिनीत टाका, झाडांचा पाला-फांद्याही न्या, खाली काही ठेवू नका. लोक हसले. उकिरड्याची काळजी करणारा साहेब त्यांनी पाहिला नव्हता. वरच्या साहेबांनीही एकदा विचारलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? यजमान म्हणाले, एका शेतकऱ्याने. काहींनी ऐकलं, काहींनी नाही ऐकलं.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर ते बघायला गेले. उजाडत होतं. गार हवेत उघडलेल्या उकिरड्यांमधून वाफ निघत होती आणि गावभर तरंगत होती. त्या वाफेतून खताने भरलेल्या बैलगाड्या एकामागून एक चढ चढत होत्या. पुढची गाडी दिसायची, मागची दिसायची नाही, नुसत्या घुंगरांचा आवाज यायचा. शेवटच्या गाडीवर खताच्या ढिगावर एक बाई बसली होती. मांडीवर कोंबडी. मला बघून तिने बैल हाकणाऱ्याला थांबायला सांगितलं आणि बाजूला सरकून जागा केली.

"येताय का वर?" ती म्हणाली. "वास येतो, पन बसायला ऊबदार हाय."

मी चाकावर पाय ठेवून वर चढले.